पुस्तकाखालच्या दोन तलवारी

आमच्या शाळेच्या फाटकावर जाड पत्र्यातून कापलेलं एक बोधचिन्ह आहे. वर उघडं पुस्तक, त्याखाली एकमेकींवरून गेलेल्या दोन तलवारी, दोन्ही बाजूंनी ज्वारीची कणसं. तलवारींच्या मुठी खाली आहेत आणि टोकं वर, पुस्तकाच्या दिशेने. हे चित्र माझं. चिखलीच्या या शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून लागून तेव्हा मला जेमतेम दोन वर्षं झाली होती; आज मी पन्नाशी ओलांडली आहे. त्या चिन्हापायी मी एका कारागिराबद्दल चारचौघांत खोटं बोललो, आणि ते खोटं त्याच्या नावाला चिकटून बसलं.

यंदा संस्थेचं महाविद्यालय सुरू होत आहे. फाटक रुंद करायचं ठरलं, तेव्हा चिन्हही नव्याने आखून घ्यावं असं निघालं. अध्यक्षांनी मला बोलावलं. ते आता बरेच थकले आहेत, पण बैठकीत आवाज त्यांचाच.

"सर, चिन्ह तुमचंच हाये. माहितीपुस्तकात एक पान त्याचा अर्थ लिहून द्या. पोरायले समजलं पाहिजे का शाळेच्या चिन्हात तलवार काऊन हाये."

मी आनंदाने होकार दिला. पुस्तक म्हणजे ज्ञान, तलवार म्हणजे त्याचं रक्षण, कणीस म्हणजे आपली माती, हे मी दरवर्षी पाचवीच्या वर्गाला सांगत आलो होतो. तीन वाक्यांत काम भागायचं. पान भरायला मात्र तीन वाक्यं पुरत नाहीत, म्हणून मी तलवारीचा विचार करायला बसलो, आणि तिथेच अडकलो.

आपल्याकडच्या संस्थांच्या चिन्हांत शस्त्रं पुष्कळ आहेत. लष्कराच्या चिन्हात एकमेकींवरून गेलेल्या तलवारी आहेत. कुठे पंख असलेला खंजीर, कुठे त्रिशूळ, कुठे नुसती ढाल. कुठे वज्र असतं. वज्राची गोष्ट मी मुलांना आवडीने सांगतो, कारण ते एका ऋषीने आपणहून दिलेल्या हाडांचं घडलं आहे. ते चिन्हात येतं तेव्हा मारणाऱ्याच्या बळाआधी देणाऱ्याचं शरीर आठवावं अशी त्यात सोय आहे. चक्र विष्णूच्या बोटावर शस्त्र आहे आणि राष्ट्राच्या मुद्रेवर धर्माचं. तिथे त्याची धार गेली आहे आणि आरे उरले आहेत. परीक्षेच्या कामासाठी बुलढाण्याला गेलो की मी हल्ली कचेऱ्यांच्या फाटकांवरची चिन्हं पाहत उभा राहतो. परतीची बस चुकली तरी चालते. पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. कोणतं शस्त्र काढलं आहे, याहून ते कोणाकडे तोंड करून आहे यावर चिन्हाचा अर्थ ठरतो. शत्रू चित्रात नसतोच. चित्रात जे असतं, त्याच्याशी त्या धारेचं नातं काय आहे, एवढंच पाहणाऱ्याला दिसतं.

महाविद्यालयात असताना मी छात्रसेनेत होतो. संचलनात अधिकारी तलवारीने सलामी देतो तेव्हा तलवार आधी हनुवटीपाशी येते आणि मग तिचं टोक जमिनीकडे उतरतं. टोक उतरणं म्हणजे समोरच्याला मान देणं. हे मला विसाव्या वर्षी ठाऊक होतं. तरीही मी पुस्तकाकडे टोकं केलेल्या तलवारी काढल्या, आणि ती चूक मला एका वेल्डिंगवाल्याने दाखवली.

त्यांचं वर्कशॉप बसस्थानकामागच्या रस्त्याला होतं, अजूनही आहे. मूळचे ते धामणगाव बढे या गावचे. वडील तिथे विळे आणि नांगराचे फाळ करीत. हे चिखलीला येऊन गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉलीच्या चौकटी करू लागले. तालुक्यातल्या कित्येक देवळांचे लोखंडी दरवाजे आणि मशिदींचे कठडे त्यांच्या हातचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. शाळेचं फाटक त्यांच्याकडे दिलं होतं. चिन्हाचा कागद मी त्यांना नेऊन दिला आणि दोन दिवसांनी काम कुठवर आलं ते पाहायला गेलो. कागद भिंतीला खिळ्याने लावलेला होता आणि पत्रा अजून कोराच होता.

"गुरुजी, एक बात विचारू का?"

"विचारा ना."

"हे टोकं किताबाकडं काऊन हायेत?"

मी वर्गात सांगतो तसं सांगितलं, "तलवारी पुस्तकाचं रक्षण करतात, मिस्त्री. म्हणून त्या उगारलेल्या आहेत."

"रखवालदार मालकाकडंच बरछी धरते का? आमच्या धामणगावात तर रखवालदार तोंड बाहीर करून बसते."

शेजारी लोखंडी सळया कापणारे दोघे कारागीर हसले. मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि पत्र्यावर दोन रेघा एकमेकींवरून ओढल्या, वरच्या टोकांना मुठी काढल्या आणि मुठींवर पुस्तक टेकवलं.

"आता पाहा. हे रेहल झाली. घरी कुराण वाचतो तवा ज्याच्यावर ठेवतो, थे. किताब मुठीवर टेकली. टोक जमिनीकडं. कोणाले लागत नाही, आन किताब पडतही नाही."

आमच्या घरी पोथी ठेवायला लाकडाची अगदी तशीच घडीची बैठक होती. श्रावणात ती निघायची. मी ती शेकडो वेळा उघडली आणि मिटली होती. दोन तलवारी काढताना ती मला आठवली नव्हती. मिस्त्रींनी खडूने काढलेलं ते चित्र माझ्या चित्रापेक्षा चांगलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं.

"तुमचं बरोबर आहे, मिस्त्री. तसंच करा."

"पक्कं ना? पत्रा एकडाव कापला का मंग जोडा लागते. आन जोड दिसते."

"पक्कं," मी म्हणालो.

फाटक बसवलं त्या दुपारी अध्यक्ष पाहायला आले. बरोबर संस्थेचे सदस्य होते, मुख्याध्यापक होते, दोन वकील होते, भूमिती शिकवणारे आमचे ज्येष्ठ शिक्षक होते. मिस्त्री बिजागरीचा बोल्ट आवळत होते. मी अध्यक्षांच्या शेजारी, कौतुकाची वाट पाहत उभा होतो. अध्यक्षांनी मान तिरकी करून चिन्हाकडे पाहिलं.

"मास्तर, ह्या तलवारी खाली काऊन पाहून राह्यल्या? हरल्या का काय?"

सगळे हसले. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती, हे खरं आहे. परंतु ते कारण मी आज पुढे करणार नाही. अध्यक्ष काही रागावले नव्हते. मी रेहल आणि पोथीची बैठक समजावून सांगितली असती तर त्यांनी बहुधा ऐकून घेतलं असतं. मला भीती वाटली ती त्या हसण्याची. ते हसणं माझ्याकडे येत होतं, आणि मला ते दुसरीकडे वळवायचं होतं.

मी म्हणालो, "साहेब, मिस्त्रींनी कागद उलटा धरलेला दिसतो."

ह्यावर जो हशा झाला तो आधीपेक्षा मोठा होता. मिस्त्रींच्या हातातला पाना थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिजागरीकडे पाहिलं.

"काय मिस्त्री," अध्यक्ष म्हणाले, "फाटक सीधं लावता आन कागद उल्टा धरता?"

"बदलून देतो, साहेब," मिस्त्री म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारी कापून काढल्या, फिरवल्या आणि पुन्हा जोडल्या. त्यांनी सांगितलं होतं तसा जोड दिसतो. फाटकाला किती वेळा रंग दिला, तरी तलवारी एकमेकींना छेदतात तिथे पत्र्यावर एक जाड रेघ उठून दिसते.

कागद उलटा धरला असता तर पुस्तकही खाली गेलं असतं आणि कणसंही उलटी लोंबली असती. पुस्तक तर सरळ होतं. इतक्या शिकलेल्या माणसांसमोर मी किती तकलादू खोटं बोललो होतो, हे मला घरी गेल्यावर कळलं. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, म्हणून त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. ही सुटका मला पुढे फार महाग पडली.

मिस्त्रींचं नाव त्या आठवड्यातच पडलं. बाजारात कुणी विचारायचं, "जाळ्या कोणाकडं टाकल्या बे?" आणि उत्तर यायचं, "उल्ट्याकडं." काम त्यांना मिळत राहिलं, कारण त्यांच्यासारखा सरळ सांधा दुसऱ्या कुणाचा नव्हता. मात्र प्रत्येक कामाबरोबर तो विनोद यायचा. "मिस्त्री, कागद सीधा धरजा बरं." पुढे मुलाने वर्कशॉप हाती घेतलं, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली, तरी पत्ता सांगणारा माणूस उल्ट्याचं दुकान असंच सांगतो. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं. बाजाराला जायचं तर कापसाच्या गोदामांवरून वळसा घेत असे. स्वतःचं घर बांधलं तेव्हा खिडक्यांच्या जाळ्या मी बुलढाण्याहून करून आणल्या, आणि बायकोने कारण विचारलं तेव्हा तिथलं काम चांगलं असतं असं सांगितलं. एक खोटं टिकवायला माणसाला किती लहान लहान खोटी बोलावी लागतात, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

चिन्हाच्या अर्थाचं ते पान मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा तलवारीपाशी थांबलो. मग एके दिवशी सकाळी शाळेत जाण्याआधी वर्कशॉपवर गेलो.

मिस्त्री दाराशी बाजेवर बसले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काम सुटलेलं. आत त्यांचा मुलगा, आता चाळिशीचा, ग्राइंडरवर काम करत होता.

"या गुरुजी," मिस्त्री म्हणाले. "रस्ता चुकले का?"

मी बाजेच्या कडेला बसलो आणि प्रस्तावना न करता बोलायला लागलो. टोकं खाली करायला मीच सांगितलं होतं, कागद उलटा धरल्याचं मीच खोटं सांगितलं, आणि इतकी वर्षं मी गप्प राहिलो, हे सगळं मी त्यांना सांगितलं. जणू काही त्यांना ते ठाऊक नव्हतं. आतला ग्राइंडर बंद झाला.

मिस्त्रींनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"किताब तर सीधीच होती ना, गुरुजी?"

"होती."

"मले तवा वाटलं, कोणीतरी म्हणन. एवढे शिकलेले लोक. मी बोल्ट आवळून राह्यलो होतो आन वाट पाहून राह्यलो होतो, का आता कोणीतरी म्हणन, अरे, किताब तर सीधी हाये."

मी हात जोडले. माफी मागितली. मिस्त्रींनी माझे हात खाली केले, पण त्यात मायेपेक्षा अवघडलेपणच जास्त होतं.

"इथं काऊन मागता? इथं तर माझ्यावर कोणी हसलं नव्हतं."

मुलगा दाराशी येऊन म्हणाला, "अब्बा, जाऊ द्या ना. सर दुकानापोतर आले."

"तू चूप बे. लोक मले उल्टा म्हंतात, थे मी झेललं. माझे दिवस झाले. तुले उल्ट्याचा पोरगा म्हंतात. मी गेल्यावर तुह्या नावाचं काय?" मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मले पैसा नको, हार नको. जिथं हसले, तिथं सांगा."

"सांगतो. फाटकासमोर सांगतो."

"कवा?"

"खंडेनवमीला. त्या दिवशी सगळे असतात."

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवल्याची खूण त्यात नव्हती, आणि ती मागण्याचा मला अधिकारही नव्हता.

अध्यक्षांच्या कानावर घालणं मला योग्य वाटलं. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"सर, आता काय त्याचं? इतके वर्षं झाले. लोक विसरले."

"विसरले असते तर त्यांच्या दुकानाला आजही तेच नाव नसतं, साहेब."

"आन पह्यले हसलो तर मीच होतो. मंग मलेही बोलवान का माफी मागाले?"

"ते तुम्ही ठरवा. मी माझ्यापुरतं बोलणार आहे."

एरवी मी त्यांच्यासमोर असा बोलत नाही. पण खरं बोलायला फार जोर लागत नाही, हे मला वर्कशॉपवरच समजलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "बोला मंग. पण लंबं नका करू."

आमच्या शाळेत खंडेनवमीची पूजा फाटकाच्या आतल्या पटांगणात होते. पाटावर फळ्याची मोठी पट्टी, लाकडी कंपास, प्रयोगशाळेतला तराजू, घंटेचा हातोडा, शिपायांचा कोयता, माझे ब्रश, आणि अलीकडे संगणकाचा माऊससुद्धा ठेवतात. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. ज्याचं जे काम, तेच त्याचं शस्त्र, असं मानणारी ही पूजा मला लहानपणापासून सगळ्या सणांत आवडते. आणि चिन्हात तलवार घालताना याच दिवसाकडे मी पाहायला हवं होतं, असं आता वाटतं. त्या दिवशी शिक्षक, पालक, संस्थेचे सदस्य, गावातले व्यापारी असे बरेच जण होते. भूमितीचे ते ज्येष्ठ शिक्षक निवृत्त झालेले, तेही आले होते. मिस्त्री पांढरा सदरा घालून मुलाबरोबर आले आणि फाटकाजवळ उभे राहिले. खुर्ची दिली, तिच्यावर बसले नाहीत.

आरती झाल्यावर मी पुढे झालो. फाटकाकडे हात केला आणि जसं घडलं होतं तसं सांगितलं. तलवारींची टोकं खाली असावीत ही सूचना मिस्त्रींची होती आणि ती योग्य होती. मी तिला होकार दिला होता. अध्यक्षांसमोर मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला. कागद त्यांनी सरळच धरला होता. पुस्तक सरळ आहे, हाच त्याचा पुरावा, आणि तो इतकी वर्षं या फाटकावर सगळ्यांना दिसतो आहे. तीन-चार मिनिटांत माझं सांगून झालं.

मागून एका अडत्याचा आवाज आला. बाजारात तो टिंगलीसाठी प्रसिद्ध आहे.

"मंग सर, उल्टं कोण होतं?"

"मी," मी म्हणालो.

हशा झाला. मोठा झाला. पोरंही हसली. ते हसणं या खेपेला मी दुसरीकडे वळवलं नाही. ते संपेपर्यंत उभा राहिलो, आणि संपलं तेव्हा पाहिलं की मिस्त्री हसत नव्हते. ते माणसं मोजावीत तसे एकेका चेहऱ्याकडे पाहत होते.

तेवढ्यात भूमितीचे शिक्षक काठी टेकत पुढे आले. "पुस्तक सरळ होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "मी त्याच दिवशी पाहिलं होतं. बोललो नाही." मला वाटत होतं की कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. एकाच्या आलं होतं, आणि तोही माझ्यासारखाच घरी गेला होता. त्यांच्या कबुलीने माझा भार हलका झाला असं मी म्हणणार नाही. मिस्त्री ज्या वाक्याची वाट पाहत होते, ते त्यांच्यापासून चार हातांवर एका माणसाच्या तोंडात होतं, एवढंच त्यामुळे कळलं.

अध्यक्षांनी माफी मागितली नाही. प्रसादाकडे वळता वळता ते म्हणाले, "नव्या फाटकावर टोकं कुठं राहातीन, थे मिस्त्रीलेच विचारा. आन फाटकही त्यायच्याचकडं टाका."

माहितीपुस्तकाचं पान मी त्याच आठवड्यात पूर्ण केलं. या चिन्हातल्या तलवारींची टोकं जमिनीकडे आहेत, कारण पुस्तक त्यांच्या मुठींवर विसावलं आहे. शस्त्राने ज्ञानाकडे पाहायचं ते मान खाली घालून. आणि ही कल्पना फाटक घडवणाऱ्या मिस्त्रींची आहे, चित्रकाराची नाही, असं त्यात लिहिलं.

मग नवा कागद आखून वर्कशॉपवर गेलो. उल्ट्याचं दुकान हे नाव बाजारातून लगेच जाईल असा भ्रम मला नाही. चौकात पत्ता विचारणाऱ्या एका माणसाला त्याच सकाळी ते नाव सांगितलेलं मी ऐकलं होतं. मी थांबून त्या सांगणाऱ्याला खरं नाव सांगितलं. पुढेही सांगत राहीन.

मिस्त्रींनी कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, मुलाला दाखवला.

"बराबर हाये," ते म्हणाले. "आता खाली लिहा, गुरुजी. मुठी वर, टोकं खाली. आन सही करा."

क्षणभर मला लागलं. पटांगणात इतक्या लोकांसमोर बोलल्यानंतर माझा शब्द पुरेल, असं मी मनात धरून आलो होतो. पण मागच्या वेळीही मी शब्दच दिला होता, आणि पत्रा कापला गेल्यावर तो परत घेतला होता. त्यांनी जे मागितलं ते एका कारागिराने माझ्यासारख्या माणसाकडून मागावं असंच होतं. मी खिशातला पेन काढला, त्यांनी सांगितलं तसं शब्द न बदलता लिहिलं आणि खाली सही केली.

मुलाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मिस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तारीख?" ते म्हणाले.

मी तारीख घातली.